खाणीच्या ढिगाऱ्यावर रान कसं उगवलं

आपल्या बोईसर-पालघरकडे घरं, रस्ते, कारखाने वाढले, तसे दगड आणि मुरूम काढायला डोंगरही फोडले गेले. काम संपलं की यंत्रं निघून जातात, खदान तशीच उघडी राहते. मोठा पाऊस लागला की कडेचा सुटा ढिगारा वाहतो आणि ओहोळातून खालच्या भातखाचरात येऊन बसतो. ती नदीच्या गाळासारखी कसदार माती नसते. नुसता मुरूम आणि खडी असते. अशा जागेवर पुन्हा झाड येतं का? येतं. आपल्याच महाराष्ट्रात ते आलं आहे. त्याचीच गोष्ट आज सांगते.

नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीजच्या खाणी आहेत. पोलाद बनवायला मँगनीज लागतं. इंग्रजांच्या राज्यात, १८९६ साली, हे खनिज काढण्यासाठी तिथे कंपनी उभी राहिली. पुढे १९६२ मध्ये भारत सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा वाटा घेऊन आजची ‘मॉइल’ कंपनी सुरू झाली. या खाणींवर बायाही राबल्या. खनिज फोडणं, निवडणं, पाटीतून वाहणं ही कामं त्यांनी केली. खनिज बाहेर गेलं, निरुपयोगी दगडमातीचे डोंगराएवढे ढिगारे मात्र गावाजवळच राहिले.

या ढिगाऱ्यांवर गवतही धड उगवत नसे. का, ते समजून घेऊ. खाण खणताना वरची काळी माती आधी निघते आणि तिच्यावर खालचा दगड येऊन पडतो. म्हणजे जमीन उलटी होते. वर आलेल्या थरात कुजलेला पालापाचोळा नाही, गांडूळ नाही, झाडाला अन्न मिळवून देणारे जिवाणू नाहीत. पाणी टिकत नाही. मुळं नाहीत म्हणून मातीला धरायला कुणी नाही, आणि माती वाहते म्हणून मुळं धरत नाहीत. हा फेरा कुठेतरी तोडावाच लागतो.

तो तोडला नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने. सावनेर तालुक्यात मॉइलची गुमगाव खाण आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या ढिगाऱ्यावर नीरीच्या शास्त्रज्ञांनी काम सुरू केलं. त्यात डॉ. आशा जुवारकर या बाई पुढे होत्या. त्यांनी खड्डे घेतले आणि त्यात खाणीच्या मातीबरोबर प्रेसमड भरली. प्रेसमड म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ. मग दुधाला विरजण लावावं तसं रोपांच्या मुळांना रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू आणि मायकोरायझा ही बुरशी लावली. साग, शिवण, शिसू, कडुलिंब अशी आपल्या ओळखीची झाडं लावली. रोपं जगली, पाला पडू लागला, पाल्याची माती होऊ लागली. कारखान्याचा टाकाऊ गाळ खाणीच्या टाकाऊ जमिनीच्या कामी आला.

दुसरी गोष्ट दूरची, पण झाड आपलं. आफ्रिकेतल्या केनिया देशात मोंबासाजवळ सिमेंटसाठी चुनखडी काढून उरलेली मोठी खाण होती. १९७१ मध्ये रेने हॅलर यांनी तिथे २६ जातींची झाडं लावून पाहिली. जगली फक्त तीन. त्यातलं एक सुरू, आपल्या केळवे-चिंचणीच्या किनाऱ्यावर दिसतं तेच. पण सुरूच्या काड्या कुजेनात. मग हॅलर यांनी तिथे वाणी किडे सोडले. पावसाळ्यात हात लावला की वेटोळं करतो, तोच हा किडा. त्याने काड्या खाल्ल्या आणि हळूहळू माती तयार झाली. आज तिथे मोठं उद्यान आहे.

कायदाही हळूहळू बदलला. १९८८ च्या खनिज संवर्धन नियमांनी वरची माती वेगळी साठवायला आणि जमीन पुन्हा नीट करायला सांगितलं. २००३ पासून खाण बंद करण्याचा आराखडा आधीच द्यावा लागू लागला. हे नियम मोठ्या खनिजांचे. आपल्या दगड-मुरुमाला गौण खनिज म्हणतात. त्याच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं. आणि पेसा क्षेत्रातल्या गावांना १९९६ च्या कायद्याने मोठा हक्क दिला आहे: गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची शिफारस लागते.

मैत्रिणींनो, म्हणून महिला ग्रामसभेत तीन प्रश्न विचारू या. खणताना काढलेली वरची माती कुठे ठेवणार? काम संपल्यावर खड्डा आणि ढिगारा कोण नीट करणार? लावलेली झाडं तीन वर्षं कोण राखणार? उत्तरं ठरावात लिहून घ्या.

जुनी पडीक खदान असेल तर ती कुणाच्या नावावर आहे हे आधी सातबाऱ्यावर पाहा आणि परवानगी घ्या. उभ्या कड्याखाली आणि पाण्याच्या खड्ड्याजवळ जाऊ नका. उताराला आडवे बांध घाला, बांधावर वाळा किंवा गवत लावा, मग करंज, शिरीष, बांबू लावा. खड्ड्यात शेणखत आणि जुन्या झाडाखालची मूठभर माती टाका. त्या मातीत विरजण असतंच. गुरांपासून काटेरी कुंपण हवं. रोपवाटिकेचं काम तर बचत गटांना जमणारं आणि चार पैसे देणारं आहे. बी आत्ताच गोळा केलं, तर येत्या पावसाला रोपं तयार असतील.