एका यंत्रातील अनेक दफ्तरे

आरएफसी 1918 या दस्तऐवजाने 1996 च्या फेब्रुवारीत 10, 172.16 आणि 192.168 या अंकांनी आरंभ होणारे पत्त्यांचे पट्टे खाजगी वापरासाठी मुक्रर केले, आणि कोणाच्याही परवानगीवाचून ते वापरण्याची मुभा असल्यामुळे, परस्परांशी कसलाही संबंध नसलेल्या असंख्य कचेऱ्यांतून एकाच पत्त्याची यंत्रे नांदू लागली. जोवर प्रत्येक कचेरी आपल्या आवारापुरती होती तोवर यात बाध नव्हता; परंतु दूरसंचार कंपनीच्या एकाच राउटरमध्ये अशा दोन ग्राहकांचे मार्ग येऊन मिळाले, की एकाच मार्गकोष्टकात 10.1.1.0 ही नोंद दोन धन्यांच्या नावे करणे अशक्य होई. दोन-दोन शाखांमध्ये स्वतंत्र मंडल बांधणाऱ्या फ्रेम रिले सेवेचा पर्याय होता खरा. पण 50 शाखा एकमेकींशी थेट जोडायच्या तर त्यासाठी 1225 मंडले बांधावी लागत.

या पेचाची सोडवणूक एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्टर यांनी 1999 च्या मार्चमध्ये आरएफसी 2547 मध्ये मांडली. राउटर एकच, पण प्रत्येक ग्राहकाचे मार्गकोष्टक निराळे; आलेले पाकीट ज्या इंटरफेसातून आत शिरले, त्यावरून त्याचे दफ्तर, म्हणजे मार्गकोष्टक, ठरावे. अशा दफ्तरालाच पुढे व्हीआरएफ हे नाव रूढ झाले. हे मार्ग बीजीपी या राउटरांमधील मार्ग-देवाणघेवाणीच्या प्रोटोकॉलातून दूरच्या राउटरकडे धाडताना त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून 32 बिटांच्या पत्त्याआधी 64 बिटांचा रूट डिस्टिंग्विशर जोडला गेला. पिंपळगाव बसवंत आणि पिंपळगाव हरेश्वर ही गावे जशी जोडनावाने वेगळी ओळखू येतात, तसेच हे. मात्र तो मार्ग कोणत्या दफ्तरांत दाखल करून घ्यावा, हे ठरवण्याचा अधिकार या जोडनावाला नाही. तो रूट टार्गेट या स्वतंत्र खुणेकडे आहे. ओळख आणि अधिकार यांची ही फारकत हेच, माझ्या मते, या रचनेचे खरे वैभव होय. कारण तिच्यामुळे एकच मार्ग हवा तेव्हा अनेक दफ्तरांत नोंदवता येतो. नवशिके दोहोंची गल्लत करतात, ती उदाहरणांत बहुधा दोन्ही ठिकाणी 100:1 असा एकच अंक लिहिलेला असतो म्हणून.

कालांतराने ही विद्या साध्या स्विचवर उतरली आणि व्हीआरएफ-लाइट म्हणवली गेली. तिथे पाकिटांना लेबल लावून वाहून नेणाऱ्या एमपीएलएसची गरज नाही, बीजीपीचीही नाही. शेजारच्या यंत्राशी असलेल्या एकाच तारेवर प्रत्येक दफ्तरासाठी निराळा व्हीलॅन दिला, की कारखान्याची यंत्रे, हिशेबखाते आणि पाहुण्यांचे वायफाय एका पेटीतून जाऊनही परस्परांस अदृश्य राहतात.

सिस्कोच्या स्विचवर पत्ता असलेला इंटरफेस व्हीआरएफमध्ये घालण्याची आज्ञा दिली की तो पत्ता तत्काळ पुसला जातो. ‘आयपी उडाला’ असे आमचे लोक म्हणतात. हा दोष नव्हे. तो पत्ता जुन्या दफ्तरातील नोंद होता आणि इंटरफेसाने दफ्तर बदलले, म्हणून तो पुन्हा लिहावा लागतो. आणि दूरच्या शाखेतील स्विचवर ज्या इंटरफेसातून आपण आत आलो तोच हलवायचा असेल, तर पत्त्याबरोबर आपला संपर्कही तुटतो; म्हणून तिथे कन्सोलची तार घेऊन कोणी उभा असल्याखेरीज त्या आज्ञेला हात लावू नये.