आणलाय कधी?

भिगवणला आमच्या आजोबांचा नियम होता : टेम्पोतून उतरवलेला बोकड त्याच दिवशी कापायचा नाही. रात्रभर पाणी, आडोसा, शेजारी दुसरं जनावर. मला तो भाबडेपणा वाटायचा.

पुढे कारण वाचलं. भ्यालेलं, धडपडलेलं जनावर स्नायूंतलं ग्लायकोजेन जिवंतपणीच संपवतं. बुजरं असेल तर आणखी लवकर. मग कापल्यावर लॅक्टिक आम्ल पुरेसं तयार होत नाही. मटण काळपट, घट्ट होतं, लवकर खराब होतं.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० साली आला. कापण्याआधी २४ तास विश्रांती, हे मात्र कत्तलखान्यांच्या नियमांत २००१ साली लिहिलं गेलं.

मी मटण सोडलेलं नाही. पण रविवारी रांगेत, दोरी ताणणाऱ्या बोकडाकडे बघत विचारतो, "आणलाय कधी?"