सॅशे (पुडी-वेष्टन)

एका वेळेपुरता माल भरून कडा पक्क्या बंद केलेली लवचिक पुडी. शॅम्पूची पुडी भारतात रुजवण्याचे श्रेय तमिळनाडूतील कडलूरचे चिन्नी कृष्णन यांना दिले जाते. ‘वेल्व्हेट’ हा त्यांच्या कुटुंबाचा ब्रँड. त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये ‘चिक’ शॅम्पूचा व्यवसाय सुरू केला. पाच रिकाम्या पुड्या परत केल्यास एक भरलेली मोफत, ही त्यांची योजना गाजली. रिकाम्या पुडीलाच मोल देणारी ही कल्पना विलक्षण कल्पक होती.

पुडीचे खरे बळ किमतीत आहे. रोजंदारीवरील कुटुंबाला बाटलीचे पैसे एकदम काढणे जड जाते; एक-दोन रुपयांची पुडी त्या दिवसाच्या कमाईत बसते. वाण्याच्या दुकानात दर्शनी लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा न ठरवलेली खरेदीही घडवतात. शॅम्पूची पुडी मापागणिक बाटलीपेक्षा अनेकदा स्वस्त पडते, पण हा नियम सर्व वस्तूंना लागू नाही. वेष्टित वस्तूंच्या नियमांत 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रतिग्रॅम किंवा प्रतिमिलिलिटर अशी एकक किंमत छापण्याची तरतूद केली. बहुस्तरीय प्लॅस्टिकच्या या पुड्यांचे पुनर्चक्रीकरण मात्र अवघड असून, ही त्यांची सर्वांत गंभीर उणीव आहे.