बारामती–इंदापूर रस्ता

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांची ठाणी जोडणारा रस्ता. पूर्वी राज्यमार्ग, आता पाटस–बारामती–इंदापूर–अकलूज–बोंडले या राष्ट्रीय महामार्ग 965-जीचा मधला टप्पा. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी ही वाटेवरची गावे. इंदापुरात तो पुणे–सोलापूर महामार्गाला मिळतो.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर हा पट्टा बागायती झाला आणि रस्त्याला वर्दळ आली ती उसाची. भवानीनगरला छत्रपती सहकारी साखर कारखाना. जंक्शनहून वालचंद हिराचंद यांनी वसवलेल्या वालचंदनगरला फाटा फुटतो. हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर यांनी हा रस्ता भरून जातो.

मात्र रस्त्याची खरी ओळख पायी चालणाऱ्यांची आहे. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये सुरू केलेला देहूचा पालखी सोहळा याच वाटेने पंढरीला जातो. काटेवाडीत परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतो. पालखी पुढे सरकली की मागचे धोतर उचलून पुन्हा पुढे पसरायचे. तिथेच मेंढ्यांचा कळप पालखीभोवती धावतो. सणसरचा मुक्काम उरकला की बेलवाडीत अश्वांचे पहिले गोल रिंगण होते.

8 नोव्हेंबर 2021 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची दूरदृश्य प्रणालीद्वारे पायाभरणी केली. त्यात पाटस ते तोंडले-बोंडले हा सुमारे 130 किलोमीटरचा, अंदाजे 4,400 कोटी रुपयांचा मार्ग आहे. वारकऱ्यांसाठी दोन्ही कडांना स्वतंत्र पायवाट, हे या आराखड्याचे वेगळेपण. वाहनांपासून चालणाऱ्याला अलग करणारी ही तरतूद फार आधी व्हायला हवी होती.

रुंदीकरणात जुनी झाडे गेली, हे नुकसान मोठे आहे. आषाढात पाऊस ओढ देतो तेव्हा या पर्जन्यछायेच्या भागात ऊन चांगलेच भाजते. पायाभरणीच्या भाषणातही पायवाटेलगत सावली देणारी झाडे लावण्याचे आणि ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याची सोय करण्याचे आवाहन होते. पुढच्या कामात डांबर-काँक्रीटपेक्षा या दोन गोष्टींना अग्रक्रम मिळावा. वड, पिंपळ, कडुनिंब लावून ते जगवण्याची जबाबदारी वाटेवरच्या गावांनीही उचलावी.