हौद्यातलं पाचवं चाक

टेक्सासातल्या भाच्याने पिकअप घेतली. मागे चाकांवरचं घर जोडून हिंडायचं म्हणतो. हौद्याला अस्तर कोणतं लावू, प्लास्टिकचा आयता साचा की फवाऱ्याने चढवतात तो पॉलियुरेथेनचा थर, असं त्याने विचारलं. मी अडकलो ‘फिफ्थ व्हील’पाशी. हौद्यात बोल्टांनी आवळलेली, मागून खाच असलेली ती लोखंडी तबकडी. तिच्या खाचेत ट्रेलरची पिन अडकते. ती स्वतः गरगर फिरतही नाही, मग चाक कसली?

(आपण तरी काय केलं? अरबांचा उंटावरचा ‘हौदज’ हत्तीवर चढवला आणि तिथून उतरवून टेम्पोला जोडला!)

नेहमीचं उत्तर बग्गीत सापडतं. पुढचा आख वळावा म्हणून आख आणि सांगाडा यांच्यामध्ये एक लोखंडी कडं आडवं असे. चार चाकं उभी, हे पाचवं निजलेलं. पुढे १८१८ साली लंडनमध्ये आकरमानच्या नावाने पेटंट निघालं. मूळ युक्ती म्युनिकच्या लांकेनस्पेर्गरची: पुढची दोन्ही चाकं आपापल्या खिळीवर वळवायची. मोटारींनी हीच उचलली आणि कडं अडगळीत गेलं. ते परतलं ट्रेलरांसोबत. १९१४ मध्ये डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रूहॉफने एका गिऱ्हाइकाची होडी मोटारीमागे ओढायला गाडा बनवला, वगैरे.

पण नाव नुसतं आकारावरून पडलं, हे मला पटत नाही. लिएजच्या एग्बर्टने अकराव्या शतकात जमवलेल्या लॅटिन म्हणींमध्ये नकोशा माणसाला गाड्याचं पाचवं चाक म्हटलेलं आहे. म्हणजे टोमणा आधीच तयार होता. ज्याच्यावाचून गाडी वळत नाही, त्यालाच ‘फालतू’ म्हणायचं, ही कारखान्यातल्या कारागिरांचीच थट्टा असणार. आकारवाल्यांच्या बाजूने एकच भक्कम साक्षीदार आहे, वैमानिक ग्लेन कर्टिस. त्याच्या ‘एरोकार’ या फिरत्या घराच्या जोडणीत हवा भरलेला टायर खरोखरच आडवा टाकलेला होता. पण तोवर नाव जुनं झालं होतं.

भाच्याला सांगितलं, फवाऱ्याचा थर घे. साचा घेतलास तर तबकडीच्या पट्ट्यांखाली तो कापावाच लागेल, कारण प्लास्टिक दबतं आणि बोल्ट सैल होतात. पट्ट्यांचे कंस चासीला पकडलेले हवेत. ट्रेलरच्या वजनाचा पंधरा ते पंचवीस टक्के भार त्या पिनेवर येतो. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळ.