पंखातली तुळई

१९६३. चंडीगडचा विमानतळ. हवाई दलाची २८ वी स्क्वाड्रन इथेच उभी राहते आहे आणि तुमच्या समोर उन्हात लखलखतंय मिग-२१, आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं. जवळ जा, पंखाला हात लावा. पुढची कड ५७ अंशांनी मागे झुकलेली आहे. पंख इतका पातळ आहे की त्याच्या पोटात काही मावत असेल असं वाटत नाही. पण आत स्पार आहे, पंखाची मुख्य तुळई.

वाड्यातली तुळई दोन्ही टोकांना भिंतीवर टेकलेली असते आणि माळवदाचा भार तिच्यावर वरून येतो. स्पारचं गणित याच्या उलट आहे. त्याचं एक टोक धडात घट्ट बसवलेलं, दुसरं हवेत मोकळं, आणि हवा त्याला खालून वर उचलते. म्हणून उडताना स्पारचा वरचा पट्टा दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि दोघांना जोडणारा उभा पत्रा, म्हणजे वेब, कातरबल सोसतो. स्पारची उंची निम्मी केली की त्याच भारासाठी दोन्ही पट्ट्यांवरचा जोर दुप्पट होतो. वेगासाठी पंख पातळ केला की त्याची किंमत धातूला मोजावी लागते. कणखर ॲल्युमिनियम मिश्रधातू आणि जोडांच्या जागी उच्च ताकदीचं पोलाद हवंच. पुढच्याच वर्षी नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहील आणि ही विमानं आपल्या मातीत बनू लागतील.

आता १९८०. चंडीगडमधलं सेक्टर १२, पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज. आवारात एक छोटं विमान उभं आहे, कानपूर-१. हवाई दलातल्या हरजिंदर सिंग यांनी ते १९५८ मध्ये कानपूरच्या हवाई दलाच्या डेपोत बनवलं. त्यांचं शिक्षण लाहोरच्या ज्या कॉलेजात झालं, त्याचाच वारसा फाळणीनंतर या कॉलेजकडे आला. १९६७ मध्ये त्यांनी हे विमान इथे दिलं. एरोनॉटिकल विभाग १९६२ पासून चालू आहे. मागच्या बाकावर बसा. याच विभागात कर्नालहून आलेली एक मुलगी शिकते आहे, कल्पना चावला. दोन वर्षांनी ती इथून पदवी घेऊन बाहेर पडेल.

अशा वर्गात तुम्हाला स्पारचा इतिहास मोडतोडीतून समजतो. आधी लाकूड होतं, हलकं आणि सरळ धाग्याचं स्प्रूस. १९४४ च्या अखेरीस भारतात मॉस्किटो विमानांचे पंख हवेत निकामी झाले. तपासणीत स्पारला चिकटवलेलं आवरण सुटलेलं सापडलं. उष्ण, दमट हवा आणि नीट न बसलेले सांधे, दोन्हींवर बोट ठेवलं गेलं. लाकडाने शिकवलं की सांधा सांभाळा. मग ॲल्युमिनियम. १९४८ मध्ये अमेरिकेत मार्टिन २-०-२ विमानाचा डावा पंख सुटला आणि ३७ माणसं गेली. स्पारच्या जोडात धातूच्या थकव्याने तडा पडला होता. तो एका झटक्यात पडलेला नव्हता. पुन्हा पुन्हा ताणल्याने तो तडा वाढत गेला होता. म्हणूनच अभियंते खालच्या ताणाच्या पट्ट्याला २०२४ क्रमांकासारखा तडा सोसणारा मिश्रधातू देतात आणि वरच्या दाबाच्या पट्ट्याला ७०७५ सारखा अधिक कणखर. एकाच तुळईत दोन धातू, कारण तिच्या दोन बाजूंना मरण वेगवेगळ्या वाटेने येतं.

१ फेब्रुवारी २००३, शनिवार. चंडीगडमध्ये संध्याकाळचे सव्वासात. अमेरिकेचं कोलंबिया अंतराळयान पृथ्वीकडे परततंय, आत कल्पना चावला आहेत. १६ जानेवारीला उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला होता. ती कड कार्बनच्या पॅनेलांची, प्रचंड उष्णता सोसणारी. तिच्या मागे ॲल्युमिनियमचा स्पार. आठव्या पॅनेलला पडलेल्या भगदाडातून तापलेली हवा आत शिरते आहे. सातनंतर अठरा मिनिटांनी त्या स्पारवरच्या एका ताणमापकाची नोंद बिघडते. यानाच्या दुरवस्थेची ही पहिली खूण. पण ती फक्त यानातल्या टेपवर उमटते, जमिनीवर कुणालाच कळत नाही. टेप टेक्सासमध्ये सापडेल ती मार्चमध्ये. थोड्या वेळाने स्पार वितळून फुटतो आणि साडेसातच्या सुमारास यान तुटतं. सातही जण गेले. यान अजून कक्षेत असताना काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रं घ्यावीत म्हणून विनंती केली होती. ती पुढे गेली नाही.

इथे थांबा आणि हे मनाशी पक्कं करा. त्या स्पारचं साहित्य चुकलं नव्हतं. ॲल्युमिनियम आपल्या मर्यादेपर्यंत नीट वागलं. चुकलं ते पाहणं.

२६ सप्टेंबर २०२५. पुन्हा चंडीगडचा तळ. ज्या शहरात मिग-२१ ची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तिथेच बासष्ट वर्षांनी त्या विमानाला निरोप दिला जातोय. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून तिथे जोडलेलं पहिलं तेजस एमके-१ए लढाऊ विमान उडतं. त्याच्या पंखातल्या स्पारना आणि कातडीला कार्बन फायबर वापरलेलं आहे. धातू जसा मिळेल तसा घ्यावा लागतो. इथे ताकद कोणत्या दिशेला हवी ते डिझायनर ठरवतो. पट्ट्यांत धागे लांबीने घालायचे, वेबमध्ये पंचेचाळीस अंशांनी तिरपे, मग राळेसकट दाबाखाली भाजायचं. थकव्याचा तडा यात धातूसारखा पसरत नाही. पण यालाही आपलं मरण आहे. एखादा आघात वरून खरचटासुद्धा न उमटवता आतले थर सोडवू शकतो आणि तो शोधायला अल्ट्रासाऊंड लागतो.

म्हणून नव्या साहित्याची ताकद विचारण्याआधी विचारायला हवं: हे कसं मोडेल, आणि ते सगळ्यांत आधी कुणाला दिसेल? ज्याला दिसेल त्याचं म्हणणं वरपर्यंत पोचण्याची वाट, मग तो हँगरमधला तंत्रज्ञ असो की नवखा अभियंता, स्पारइतकीच विमानाच्या रचनेचा भाग आहे. तीही तितक्याच काटेकोरपणे बांधावी लागते, आणि वाकते का ते तपासत राहावं लागतं.