जुन्या कॅम्पर व्हॅनला घरच्या घरी हाताने रंग कसा देतात?

आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि सामान ठेवण्याची सोय असलेल्या व्हॅनला कॅम्पर व्हॅन म्हणतात. यातली सर्वांत ओळखीची म्हणजे जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीची 'टाइप २'. तिचे उत्पादन १९५० साली सुरू झाले. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात बसवता येईल असे फर्निचर बाजारात आणले. ब्राझीलमध्ये या गाडीचे उत्पादन २०१३ पर्यंत चालू होते.

ब्रिटनमध्ये अशा जुन्या व्हॅन हौसेने सांभाळणारे अनेक लोक आहेत. तिथला पाऊस आणि हिवाळ्यात रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ यांमुळे पत्रा लवकर गंजतो. गॅरेजमध्ये संपूर्ण गाडी रंगवून घेण्याचा खर्च कधी कधी गाडीच्या किमतीशी बरोबरी करतो. त्यामुळे घरासमोरच्या जागेत रोलर आणि ब्रशने गाडी रंगवण्याची पद्धत तिथे रुळली आहे. काम नीट झाले तर दोन-तीन पावलांवरून हा रंग हाताने दिला आहे, हे पटकन ओळखू येत नाही.

ही पद्धत नवी नाही

घोडागाड्या आणि सुरुवातीच्या मोटारी ब्रशनेच रंगवल्या जात. रंग आणि व्हार्निशचे अनेक हात द्यावे लागत, प्रत्येक हात वाळण्याची वाट पाहावी लागे आणि एका गाडीला काही आठवडे लागत. १९२३ साली जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड गाड्यांसाठी ड्यूपाँट कंपनीचा 'ड्यूको' हा झटपट वाळणारा रंग वापरला. त्यानंतर कारखान्यांत फवारणीचे युग सुरू झाले. आपल्याकडे फर्निचरच्या चकचकीत रंगकामाला आजही 'ड्युको' म्हणतात, ते याच नावावरून.

घरी फवारणी का टाळावी?

आजकाल गॅरेजमध्ये बहुधा दोन घटक मिसळून तयार होणारा रंग फवारतात. त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही रसायने असतात. फवारणीचे बारीक कण श्वासातून आत गेले तर दमा जडू शकतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांमध्ये आयसोसायनेटची गणना होते. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी झाली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही त्रास होतो. या कामासाठी बंदिस्त खोली आणि बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो, साधा मास्क पुरत नाही. रोलरने लावायचा एकघटकी इनॅमल रंग वापरला तर हा धोका टळतो. मात्र त्यालाही खेळती हवा आणि हातमोजे हवेतच.

आधी गंज, मग रंग

हाताने दिलेल्या रंगाचे आयुष्य त्याच्याखाली काय आहे यावर ठरते. एकूण मेहनतीचा मोठा भाग रंगाचा डबा उघडण्याआधीच खर्च होतो.

गंज शोधण्याच्या नेहमीच्या जागा अशा: चाकांवरच्या कमानी, दारांखालची पट्टी, छताभोवतीची पन्हळ, काचांच्या रबराखालचे कोपरे आणि पत्र्यांचे सांधे. रंगाला फुगवटा दिसला तर तिथे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहतात.

* वरवरचा गंज: तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासतात. खळग्यांत राहिलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण लावतात आणि मग गंजरोधक प्रायमर देतात.
* आरपार भोक: सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करावा लागतो. भोकावर नुसती लांबी भरली तर ती पाणी धरते, आत गंज वाढत राहतो आणि वर्षभरात तिथे पुन्हा फुगवटा येतो.
* चासी किंवा दारांखालच्या पोकळ पट्ट्या सडलेल्या: इथे प्रश्न गाडीच्या मजबुतीचा आणि आत बसणाऱ्यांच्या जिवाचा असतो. जाणकार वेल्डरकडून काम झाल्याशिवाय रंगाचा विचार करू नये.

पत्र्याची तयारी

सर्वांत आधी गाडी साबणाने धुऊन तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने पुसतात. हे घासण्याच्या आधीच करायचे असते. जुन्या पॉलिशमधले सिलिकॉन पत्र्यावर राहिले तर घासताना ते आणखी पसरते आणि नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

जुना रंग घट्ट असेल तर तो पूर्ण काढण्याची गरज नसते. ३२० ते ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासून त्याची चमक मारली की नवा रंग धरतो. पोपडे निघत असतील तर तो भाग मात्र पत्र्यापर्यंत साफ करावा लागतो. काही दशकांपूर्वीच्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून कोरडे न घासता पाणी लावून घासतात, पी-३ दर्जाचा मास्क घालतात आणि मुलांना कामापासून लांब ठेवतात.

लांबीला आकार देताना पाणी वापरायचे नसते, कारण लांबी पाणी शोषते. तिथे मास्क लावून कोरडा पॉलिश पेपर वापरतात आणि काम झाल्यावर लगेच प्रायमर देतात. प्रायमर वाळल्यावर ४०० ते ६०० नंबरच्या पेपरने हलके घासतात.

काचा काढणे शक्य नसेल तर रबराच्या कडेखाली बारीक दोरी सरकवतात. त्यामुळे कड उचलली जाते आणि रंग रबराच्या खालपर्यंत पोहोचतो. अनेक कॅम्पर व्हॅनचे उचलते छत फायबरग्लासचे असते. त्याला पत्र्याचा प्रायमर चालेलच असे नाही, त्यासाठी योग्य प्रायमर वेगळा घ्यावा लागतो.

कोणता रंग आणि किती?

यासाठी सावकाश वाळणारे इनॅमल निवडतात. गाड्यांसाठीचे कोच इनॅमल किंवा बोटींसाठीचे इनॅमल हे दोन्ही चालतात. सावकाश वाळत असल्यामुळे रंगाला आपोआप सपाट व्हायला वेळ मिळतो.

साधारण सव्वाचार मीटर लांबीच्या व्हॅनचे, काचा वगळून, रंगवायचे क्षेत्र अंदाजे २० चौरस मीटर धरता येते. एक लिटर इनॅमल एका हाताला १० ते १२ चौरस मीटर पुरते. म्हणजे एका हाताला सुमारे दोन लिटर लागतात आणि चार हातांना आठ लिटरच्या आसपास. छटा मिसळून घेतली असेल तर सगळा रंग एकदम घ्यावा, दुसऱ्या वेळी तीच छटा मिळेलच असे नाही.

रोलर कसा चालवतात?

बारीक छिद्रांचा, चार इंची फोमचा रोलर यासाठी योग्य असतो. डब्यावर दिलेल्या मर्यादेत रंग थोडा पातळ करतात. सुरुवात छतापासून करून खाली येतात. दार, बाजूचा पत्रा, समोरचा भाग असा एकेक भाग घेऊन तो एका दमात संपवतात आणि सांध्यापाशीच थांबतात. मधेच थांबले तर अर्धवट वाळलेल्या कडेची रेघ उमटते.

रोलर फिरल्यावर बारीक बुडबुडे राहतात. ते मोडण्यासाठी जवळजवळ कोरडा, मऊ ब्रश एकाच दिशेने अलगद फिरवतात. बोटी रंगवणाऱ्यांची ही युक्ती आहे. त्यानंतर त्या जागेला हात लावायचा नाही. राहिलेली चूक दुसऱ्या दिवशी घासून काढता येते, ओल्या रंगात ती दुरुस्त करायला गेले की वाढते.

पहिल्या हातात खालचा रंग दिसतो. तो झाकण्यासाठी जाड थर दिला की ओघळ येतात. तीन ते पाच पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात डब्यावर सांगितलेला वेळ वाळू द्यावा आणि मध्ये ८०० नंबरच्या वॉटर पेपरने हलके घासावे. शेवटचा हात काही आठवडे मुरल्यावर १५०० ते २००० नंबरच्या पेपरने घासून पॉलिश केले की चमक येते.

नेहमी होणाऱ्या चुका

* भर उन्हात रंगवणे: रंग सपाट होण्याआधीच वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो.
* संध्याकाळी उशिरा रंगवणे: दव पडून चमक जाते. सकाळचे ऊन तापण्याआधीची कोरडी, वारा नसलेली वेळ चांगली.
* चुकीचे मिश्रण: इनॅमलवर नायट्रोसेल्युलोज रंग दिला तर खालचा थर सुरकुततो. आधी लपलेल्या जागी छोटा तुकडा रंगवून पाहावा.
* चिंध्या गोळा करून ठेवणे: तेलयुक्त रंगाच्या चिंध्या ढिगात आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या बाहेर पसरून वाळवाव्यात.

कागदपत्रांचे काय?

ब्रिटनमध्ये गाडीचा रंग बदलला की वाहन नोंदणी करणाऱ्या डीव्हीएलए या सरकारी संस्थेला कळवून नोंदणीपत्रात बदल करून घ्यावा लागतो. भारतातही नव्या रंगाची नोंद आरटीओत जाऊन आरसीवर करून घ्यावी लागते. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२१ नुसार संरक्षण खात्याची वाहने सोडून इतर कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. दोन्ही देशांत विमा कंपनीलाही कळवणे हिताचे असते.

अपेक्षा किती ठेवावी?

हाताने दिलेला रंग कारखान्यातल्या रंगाइतका आरशासारखा होत नाही आणि एकघटकी इनॅमल दोन घटकांच्या रंगाइतके टणकही नसते. पण त्यावर ओरखडा पडला तर तोच डबा आणि तोच ब्रश घेऊन अर्ध्या तासात डागडुजी होते. उरलेला अर्धा लिटर रंग घट्ट झाकण लावून म्हणूनच जपून ठेवतात. दर पावसाळ्यानंतर सांधे तपासून फुगवटा लहान असतानाच घासून रंगवला, तर पत्रा पुढेही टिकतो.